खाते पडताळणीची सेवा जोडण्याआधी

पैसे पाठवण्याआधी बँक खातं चालू आहे का आणि कोणाच्या नावावर आहे, हे ही सेवा तपासून देते. तिच्या एपीआयचं (आपलं सॉफ्टवेअर तिला जोडायच्या दुव्याचं) डॉक्युमेंटेशन नंतर वाचा, आधी खातेदारांच्या यादीची एक्सेल शीट उघडा. खाते क्रमांकाचा रकाना टेक्स्ट फॉरमॅटमध्येच हवा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात, आणि एक्सेल १५ अंकांपुढे अचूक नसल्यामुळे पंजाब नॅशनल बँकेच्या १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. असा क्रमांक सेवेने नाकारला तर दोष सेवेचा नाही. अशा फायली दुरुस्त करत बसू नका, मूळ यादी पुन्हा मागवा.

आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) आपल्याकडेच तपासून घ्या: ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं शून्य (लोक हमखास इंग्रजी ओ टाइप करतात), उरलेली सहा शाखेची. यादीत बीकेडीएनने सुरू होणारे कोड दिसले तर ते देना बँकेचे. ती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तेव्हा नवा कोड मागा. छोट्या सहकारी बँकेचा खातेदार दुसऱ्याच बँकेचा कोड देतो, तेव्हा लगेच चूक ठरवू नका. काही बँका प्रायोजक बँकेच्या (ज्या बँकेमार्फत त्यांचे व्यवहार होतात तिच्या) कोडवर चालतात.

खरा वेळ नावासाठी राखून ठेवा. पेनी ड्रॉप या पडताळणीच्या पद्धतीत आयएमपीएसने (लगेच पैसे पोचवणाऱ्या सोयीने) त्या खात्यात १ रुपया जातो आणि बँकेतलं नाव परत येतं. तुमच्याकडे ‘सुनीता शिंदे’, बँकेकडून ‘शिंदे सुनीता रमेश’, किंवा लग्नाआधीचं आडनाव. किती जुळलं म्हणजे पास, हे डेव्हलपरने एकट्याने ठरवू नये; अकाउंट्सवाल्यांना सोबत बसवा आणि अधलीमधली प्रकरणं कोण डोळ्यांनी बघणार त्याचं नाव लिहून ठेवा. याचा कंटाळा करू नका, कारण एनईएफटीचे पैसे खाते क्रमांक पाहून जमा होतात, नाव जुळवून नव्हे.

‘पेंडिंग’ उत्तर आलं तर नवी विनंती पाठवायची नाही, त्याच रेफरन्स नंबरने स्टेटस विचारायचं. हे कोडमध्ये आधीच बसवा. आपल्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) व्हाइटलिस्ट करायला, म्हणजे परवानगीच्या यादीत घ्यायला, सेवा देणाऱ्या कंपनीला आजच मेल टाका. सेवेच्या वॉलेटमध्ये (आगाऊ भरलेल्या रकमेत) पुरेसे पैसे, खातेदाराची संमती, लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींमध्ये) खाते क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक, एवढं बघून घ्या.

पहिली चाचणी ऑफिसातल्याच लोकांच्या खात्यांवर करा, पण त्यात एखादं सहकारी बँकेचं, एखादं संयुक्त आणि एखादं बंद झालेलं खातं मुद्दाम घाला.