अमेरिकेचा फॅमिली इमिग्रंट व्हिसा: इंटरव्ह्यूला नेमकं काय होतं

अमेरिकेतल्या नातेवाइकाने अर्ज केला की तिकडे कायमचं राहायला जाण्यासाठी मिळतो तो फॅमिली इमिग्रंट व्हिसा. आधी टुरिस्ट व्हिसाचा इंटरव्ह्यू दिलेले लोक इथे हमखास गोंधळतात. तिथे आपण परत येणार हे पटवायचं असतं, इथे तो प्रश्नच नाही, ऑफिसर बघतो ते इतकंच की नातं खरंय का, कागद एकमेकांशी जुळतायत का आणि तिकडे तुमचा खर्च उचलणारं कोणी आहे का.

तारीख मिळाली की आधी मेडिकल उरका. दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडेच करायची, फॅमिली डॉक्टरचा रिपोर्ट चालत नाही. लसींची जुनी कार्डं सापडली तर न्या, नाहीतर परत टोचून घ्यावं लागतं. सीलबंद पाकीट दिलं तर ते उघडायचं नाही, कितीही उत्सुकता वाटली तरी.

फाइलमध्ये पासपोर्ट, इंटरव्ह्यूचं पत्र, डीएस-२६० चं (इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचं) कन्फर्मेशन पान, फोटो, जन्माचा-लग्नाचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचा आदेश, पोलीस सर्टिफिकेट आणि स्पॉन्सरचा, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी घेणाऱ्याचा, आय-८६४ हा हमीचा फॉर्म टॅक्सच्या कागदांसकट. एनव्हीसीला (इंटरव्ह्यूआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरला) स्कॅन अपलोड केलेत म्हणून ओरिजिनल दाखले घरी ठेवू नका. स्पॉन्सरचं उत्पन्न साधारणपणे अमेरिकन सरकारच्या पॉव्हर्टी गाइडलाइनच्या, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या उत्पन्नाच्या, १२५ टक्के तरी लागतं, कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे हमी देणारा आणखी एक जण, घेता येतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष नावांवर द्या. भावाने बहिणीसाठी अर्ज केलाय, तिच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सुमन आणि त्याच्या दाखल्यावर सुमती, मग ऑफिसरने ही दोघं सख्खी भावंडं कशावरून समजायची? अशा वेळी शाळेचे जुने कागद, नातेवाइकांची अफिडेव्हिट्स आधीच जमवा. डीएस-२६० मध्ये पूर्वीची नावं विचारतात, तिथे माहेरचं नाव लिहायचं राहिलं असेल तर खिडकीवर स्वतःहून सांगा.

त्या दिवशी मोबाइल बाहेरच ठेवून जा. आत आधी स्टाफ कागद तपासतो, बोटांचे ठसे होतात, मग काचेपलीकडचा ऑफिसर उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायला लावतो. अर्ज कोणी केला, तो तिकडे काय करतो, कधी गेला, पूर्वी व्हिसा नाकारला होता का, असं विचारतात. नवरा-बायकोची केस असेल तर ओळख कशी झाली, लग्नाला कोण होतं, रोज बोलता का, हेही येतं. पाठ केलेली उत्तरं लगेच कळतात बरं का, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. ग्रीनकार्डवाल्या आईवडिलांनी अर्ज केलेल्या मुलाने मधेच लग्न केलं तर ती पिटिशनच, म्हणजे आईवडिलांनी केलेला मूळ अर्जच, संपते, आणि ते लपवून व्हिसा मिळवायला गेलात तर कायमची बंदी येऊ शकते.

२२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्तास अडवून ठेवल्याची, स्लिप हातात पडली तर लगेच रडारड नको, बऱ्याचदा एखादा कागद कमी असतो किंवा तपासणी चालू असते, स्लिपवर लिहिलंय तेवढंच पाठवा.

अप्रूव्ह्ड म्हणाले तरी पासपोर्ट हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका, तिकीटही काढू नका. व्हिसाची मुदत जास्तीत जास्त सहा महिने, पण मेडिकल आधी संपत असेल तर त्याहून कमी, म्हणून तारीख बघूनच बुकिंग करा. निघायच्या आधी यूएससीआयएसची (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची) २३५ डॉलर इमिग्रंट फी ऑनलाइन भरून टाका, ती भरल्याशिवाय ग्रीनकार्ड घरी येत नाही.