पोळ्या लाटता लाटता कादंबरी कशी ऐकावी

"हात कामात असले तरी कान रिकामेच असतात, लावा काहीतरी" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. नुसते कान रिकामे असून भागत नाही, डोकंही रिकामं लागतं. हे कोणी सांगितलेलं नसलं की माणसं चार दिवस उत्साहाने ऐकतात, काहीच लक्षात राहत नाही म्हणून वैतागतात आणि "ऑडिओबुक आपल्याला जमत नाही" म्हणत अ‍ॅप काढून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा पुस्तक चांगलंच असतं, फक्त ते भलत्या कामाबरोबर लावलेलं असतं.

पुस्तक निवडा

मराठीत ऐकायला आता भरपूर आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकं सहज मिळतात, आणि पॉडकास्ट तर बहुतेक फुकटच असतात. पाच मिनिटांचा नमुना ऐका. वाचणाऱ्याचा आवाज खटकला तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, बाजूला ठेवा. तो आवाज पुढचे दहा तास तुमच्या घरात वावरणार आहे. ऐकायची सवय नसेल तर पहिलं पुस्तक आधी वाचलेलंच घ्या. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा.

काम निवडा

इथेच बहुतेकांचं अडतं, आणि मलाही हे उमगायला बराच काळ लागला.

घरातली कामं दोन जातींची असतात. एका जातीला मनात शब्द किंवा आकडे लागतात: वाणसामानाची यादी, दूधवाल्याचा हिशोब, मेसेजला उत्तरं, पाककृती वाचत नवा पदार्थ करणं, आईच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरणं. गोष्टही शब्दांचीच असते, त्यामुळे दोघांची एकाच जागेसाठी ओढाताण होते. त्यात गोष्ट हरली तर फार बिघडत नाही, पण गोळ्या चुकल्या तर बिघडतं. अशा कामाला काहीही लावू नका, हळू आवाजातलं पॉडकास्टसुद्धा नको.

दुसऱ्या जातीला नुसते हात आणि डोळे लागतात. लसूण-मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, भांडी, इस्त्री, ओटा पुसणं. माझ्या मते या सगळ्यांत मेथी निवडण्याला तोड नाही. जुडी सोडायची, मुळांची माती झटकायची, पानं खुडून एकीकडे, काड्या एकीकडे. बोटं आपोआप चालतात, बसायला मिळतं आणि आवाज शून्य. थंडीत बाजारात मेथीचे ढीग लागले की मी एकदम तीन-चार जुड्या आणते ती यासाठीच.

खरी पंचाईत असते ती छुप्या मोजणीची. कुकरच्या शिट्ट्या मोजणं आपण काम समजतच नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. पण गोष्ट रंगात आली की ही तिसरी की चौथी ते सांगता येत नाही, आणि मग डाळीचा गाळ होतो किंवा डाळ टणक राहते. "लक्ष ठेवा" हा यावर उपाय नाही, कारण लक्ष एकच आहे आणि ते तुम्ही पुस्तकाला दिलंय. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि फोनवर टायमर लावा. तुमच्या कुकरला, तुमच्या डाळीला किती मिनिटं लागतात ते एकदा नीट बघून ठेवलंत की शिट्ट्यांचा विषय संपला.

आणखी एक, स्वयंपाकात कानही राबत असतात. मोहरी तडतडली का, कढईतल्या तेलाचा आवाज बसला का, हे आपण ऐकून ठरवतो. म्हणून फोडणी आणि तळण चालू असताना पुस्तक थांबवा. दिवाळीत शंकरपाळे कातताना खुशाल ऐका, चकलीचा घाणा कढईत गेला की बंद. मिक्सर लागला तरी बंद. मिक्सरवर मात करायला आवाज वाढवतात, तो नंतर कमी करायचा राहून जातो.

पोळ्यांसोबत ऐकायचं तर पोळी हाताला पक्की बसलेली हवी. नवशिक्यांनी आधी पोळी शिकावी. पुस्तक कणीक मळण्याआधी सुरू करा. पिठाच्या हातांनी स्क्रीन दाबत बसलात तर दोन्हीची वाट लागते. स्वयंपाकघरात इअरबड्सपेक्षा छोटा स्पीकर बरा, वाफ आणि घाम दोन्हींचा त्रास नाही. घरात सासूबाई, मुलं असतील तर काय लावायचं ते त्यांनाही विचारा. चारचौघांत ऐकलेल्या गोष्टीवर जेवताना बोलणं होतं आणि ती जास्त टिकते.

एका कामाला एकच पुस्तक बांधून टाका. स्वयंपाकघराची कादंबरी वेगळी, फिरण्याची वेगळी. काम हातात घेतलं की कालचा धागा आपोआप आठवतो, मागचं शोधत बसावं लागत नाही.

धागा निसटला तर

निसटणारच, त्यात काही बिघडत नाही. स्वतःला विचारा: आत्ता कोण बोलतंय आणि कुठे? उत्तर आलं तर पुढे चला. नाही आलं तर मागे जाण्याचं बटण दाबा, फार तर तीनदा. तेवढ्यानेही सापडलं नाही तर त्या दिवशी डोक्यात दुसरं काही चाललंय असं समजा आणि गाणी लावा. तेच प्रकरण पुन्हा पुन्हा ऐकून पुस्तकाचाच कंटाळा येतो.

वेगाबद्दल माझं मत ठाम आहे. मुलाखत, बातम्या, माहिती सव्वापट वेगाने ऐका. कथा-कादंबरी मात्र आहे त्या वेगानेच. दुप्पट वेगात ऐकून महिन्याला इतकी पुस्तकं संपवली असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. संवादातली थांबण्याची जागाच गेली तर मग उरलं काय?

व्यायाम

चालण्याइतकं सोयीचं काही नाही, पण जागा निवडून. आपल्या नाशिकमध्ये कृषीनगरचा किंवा गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक उत्तम: वाहन नाही, चौक नाही, वाट ठरलेली. फेऱ्या मात्र मोजू नका, घड्याळ मोजेल. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना ऐकलंत तर हरकत नाही, उतरताना कान मोकळे ठेवा, लक्ष पावलाकडे हवं. सूर्यनमस्कार आणि वजनं यांत श्वास आणि मोजणी दोन्ही असतात, म्हणजे ती पहिल्या जातीची कामं.

रस्त्यावर एकच कान वापरा. त्यासाठी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो, नाहीतर नाट्यरूपात केलेल्या पुस्तकातलं एखादं पात्र दुसऱ्याच कानात बोलत राहतं. मखमलाबादकडच्या किंवा गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या मळ्यांतून पहाटे फिरणाऱ्यांनी कानात काहीच घालू नये. बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. कुत्री एकाएकी भुंकायला लागली तर ते तुम्हाला ऐकू आलं पाहिजे. सायकल आणि स्कूटरवर तर एका कानाचीही सूट नाही. द्वारका चौकात मागून येणारी बस तुमचं प्रकरण संपायची वाट बघणार नाही.

आवाज

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की तो वेळ निम्मा होतो. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याने हे गांभीर्याने घ्यावं. माझा नियम सोपा आहे: शेजारच्याने नेहमीच्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली पाहिजे. रस्त्याच्या गोंगाटामुळे आवाज वाढवावा लागत असेल तर ती जागा ऐकण्याची नाही.

मोठ्या कादंबरीत नावांचा गोंधळ होत असेल तर छापील प्रत जवळ ठेवा. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून याच कामासाठी उभं आहे. सुरुवातीची दोन प्रकरणं डोळ्यांनी वाचा, पात्रांची नाती एकदा नीट बघून घ्या आणि मग मेथीची जुडी सोडा.