कंबोईला यीस्ट गोळा करायला निघण्याआधी

बडोद्याहून पादरा, जंबुसर करत कावी-कंबोईला निघायच्या आदल्या रात्री सगळ्यात आधी पेन्सिल पिशवीत टाका. साधी लाकडी पेन्सिल, एक नव्हे दोन. मागच्या खेपेला तीच राहिली, बाटल्यांवर मार्करने लिहिलं आणि प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना सगळी अक्षरं बोळ्यावर आली. यीस्ट सुरेख वाढलं, पण ते कुठल्या बाटलीतलं? नव्या प्रजातीचं वर्णन करताना नमुना कुठून, कशातून मिळाला हे द्यावंच लागतं. तेव्हा पेन्सिलीने बटर पेपरवर लिहा आणि चिठ्ठी बाटलीसोबत पिशवीत घाला.

भरती-ओहोटीच्या वेळा बघा. खंभातच्या आखाताची भरती भलती मोठी, स्तंभेश्वराचं देऊळ तिच्यात बुडतं. चिखलात ओहोटीलाच उतरा आणि परतायची वेळ आधीच ठरवा.

निर्जंतुक बाटल्या, हातमोजे, बर्फाचा डबा कोणी विसरत नाही. पाण्याचं तापमान आणि क्षारता मात्र तिथेच मोजा आणि तिथेच लिहा, पेन्सिलीने. निर्जंतुक पाण्याची एक बाटली किनाऱ्यावर उघडून तशीच बंद करा. ती नसेल तर हातावरचं किंवा हवेतलं यीस्ट सागरी म्हणून खपून जाईल. तिलाही चिठ्ठी हवी. हो, पेन्सिलीनेच.

यीस्ट वाढवायच्या यीस्ट-माल्ट अगार या माध्यमाच्या प्लेट्स समुद्राच्या पाण्यात आधी करून ठेवा, क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घालून, नाहीतर बॅक्टेरिया सगळं व्यापतात. गुलाबी वसाहती दिसल्या की हुरळू नका, ते बहुधा ऱ्होडोटोरुला हे नेहमीच सापडणारं यीस्ट असतं. प्रत्येक वसाहत नव्या प्लेटवर पुन्हा रेघून शुद्ध करा आणि चिठ्ठीवरचा क्रमांक प्लेटच्या तळाला लिहा, झाकणाला नको. झाकणं अदलाबदल होतात.

मग प्रजाती ओळखायला डी1/डी2 भागाचा (रायबोसोमच्या जनुकातला एक तुकडा) डीएनए क्रम. कर्ट्झमन आणि रॉबनेट या यीस्टतज्ज्ञांनी 1998 मध्ये अ‍ॅस्कोमायसीट या बुरशी-गटातल्या यीस्टसाठी दिलेला अंदाज असा: एकाच प्रजातीत फरक साधारण तीन जागांपर्यंत, सहा किंवा जास्त असतील तर प्रजाती बहुधा वेगळी. एवढ्यावर थांबू नका, आयटीएस हा दुसरा डीएनए भागही बघा आणि शक्यतो त्याच प्रजातीचे एकाहून अधिक स्ट्रेन (वाण) जमवा.

पुढचं भराभर: ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंश सेल्सिअसला साठा, पुण्याच्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात जिवंत वाण, मायकोबँक या बुरशींच्या नावांच्या नोंदवहीत नावाची नोंदणी. होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना, मात्र निष्क्रिय अवस्थेतच जतन करायचा, नुसत्या वाढत्या कल्चरवर नाव ग्राह्य होत नाही.