नशा करणाऱ्या तरुणाला सांभाळताना

हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरावर, पावसाळी मासेमारीबंदीत हाताला काम नसलेला एखादा तरुण नशा करतो हे कळले, तर पहिल्याच दिवशी त्याला शपथ घ्यायला लावू नये. शपथ मोडली की तो लपवू लागतो, आणि एकट्याने, आडोशाला केलेली नशा जिवावर बेतते. काय घेतो, कशासोबत घेतो, कोणाबरोबर असतो, एवढे शांतपणे विचारावे. दारू, झोपेच्या गोळ्या आणि ब्राउन शुगर (भेसळीचे हेरॉइन) एकत्र घेतल्यास श्वास मंदावून थांबू शकतो, हे त्याच्या मित्रांनाही ठाऊक असावे. काही आठवडे नशेपासून दूर राहिलेल्याने पुन्हा जुनीच मात्रा घेणे विशेष धोक्याचे, कारण तोवर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. सुई कोणाचीही वापरू नये.

हाक मारूनही न उठणाऱ्या, घरघर लागलेल्या, ओठ निळसर पडलेल्या मुलाला ‘झोपू दे’ म्हणून सोडू नये: १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे, श्वासाकडे लक्ष ठेवावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. (बेशुद्धाला लिंबू-ताक पाजण्याचा आपल्याकडचा उत्साह इथे घातक ठरतो.)

सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. पोलिसांच्या धास्तीने दवाखाना टाळणाऱ्या घरच्यांना हे आधी सांगावे.