बेकायदा पिस्तुलांचा पुरवठा आणि अपुरी शिक्षा: अपिलाची फाइल हाती घेणाऱ्या ज्युनिअरांसाठी

सरकारी वकिलांच्या कार्यालयात रुजू झालात की कधीतरी अशी फाइल टेबलावर येतेच. गावठी पिस्तुलं पुरवणारी टोळी, आरोपी दोषी ठरलेले आणि शिक्षा 'भोगली तेवढी', म्हणजे खटल्यादरम्यान कोठडीत काढली तेवढीच. सोबत तपास अधिकाऱ्याचं पत्र: शिक्षा वाढवून मिळावी.

आधी तारखा बघा. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात जायचं तर मुदत ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात जायचं तर ६०. प्रस्ताव विधी व न्याय विभागातून फिरून येईपर्यंत दिवस भराभर जातात, म्हणून निकालाच्या दिवशीच सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज टाका. हे अपील फक्त सरकारच करू शकतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७७ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१८ खाली. शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला अपील करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणजे आपण झोपलो तर दुसरं कोणी दार ठोठावणार नाही.

मग निकालपत्राआधी दोषारोप वाचा. खरी गोम तिथेच असते. शस्त्र अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल नुसतं बाळगलं, कलम २५(१ब)(अ), तर दोन ते पाच वर्षं. तेच बनवलं किंवा विकलं, कलम २५(१), तर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. माझ्याकडच्या एका प्रकरणात एकाच पुरवठादाराचा माल तीन पोलिस ठाण्यांत पकडला गेला. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावाकडून आलेला. तीन गुन्हे, तीन दोषारोपपत्रं. प्रत्येक कोर्टापुढे एक पोरगा, एक कट्टा, दोन काडतुसं. फोनचे तपशील आणि पैशांचे व्यवहार तिन्हीकडे होते, पण कटाचं कलम कुठेच लावलेलं नव्हतं. त्या न्यायाधीशांना मी दोष देणार नाही. टोळी त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

आणि ही चूक अपिलात भरून निघत नाही. प्रथमवर्ग दंडाधिकारी तीन वर्षांच्या वर शिक्षा देऊ शकत नाहीत, आणि खालच्या कोर्टाला जेवढी देता आली असती त्याहून जास्त अपील कोर्टालाही देता येत नाही. म्हणून कलमं दोषारोपपत्राच्या वेळीच तपासून घ्या, प्रकरण सत्र न्यायालयात जाईल असं बघा. अपिलाची तयारी तिथून सुरू होते, हे मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगतो.

शिक्षा किमान मर्यादेच्या खाली गेली असेल तर 'पुरेशी आणि विशेष कारणे' निकालात कुठे नोंदवली आहेत ते शोधा. ही सूट फक्त बाळगण्याच्या काही गुन्ह्यांना आहे, विक्रीला नाही. वय लहान, पहिलाच गुन्हा, घरात एकटा कमावता ही कारणं जवळपास प्रत्येक आरोपीला लागू पडतात. ती 'विशेष' कशी, हा प्रश्न जोर लावून मांडा. शिक्षा मर्यादेत बसत असेल तर मात्र काम अवघड. आम्ही असतो तर जास्त दिली असती, एवढ्यावर वरचं कोर्ट हात घालत नाही. शिक्षा उघड उघड अपुरी असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ च्या बेद राज निकालापासून हेच चालत आलंय. अशा अपिलात हत्यारांची संख्या, ती कुणाच्या हातात गेली, किती महिने धंदा चालला, हे पुराव्यातल्या पानांसकट दाखवावं लागतं.

एक धोका नीट समजून घ्या. आपण शिक्षा वाढवायला गेलो की आरोपीला आपल्याच अपिलात निर्दोष सुटका मागता येते. तेव्हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ खालची, खटला भरण्यासाठीची जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, आयुक्तालय असेल तिथे पोलिस आयुक्तांची, मंजुरी रेकॉर्डवर आहे का बघा. पिस्तूल चालू स्थितीत असल्याचा न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल हवा. जप्ती पंचनाम्यातलं सील आणि प्रयोगशाळेत पोचलेलं सील जुळतंय का, ते स्वतः ताडून बघा. यातलं काही निसटलेलं दिसलं तर 'अपिलास योग्य नाही' असा अभिप्राय द्यायला कचरू नका. फक्त त्याची कारणं सविस्तर लिहा आणि एक प्रत तपास अधिकाऱ्याला पाठवा. त्याच पुरवठादाराचा पुढचा गुन्हा बहुधा त्याच ठाण्यात नोंदला जाणार असतो.