डिपॉझिटमधली कापाकापी मान्य नसेल तर: भांडायला बसण्याआधीची तयारी

घर सोडून काही दिवस झालेत, डिपॉझिटची वाट बघताय आणि घरमालकाचा मेसेज येतो: रंगकाम, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता एवढेच परत मिळतील. संताप येतोच, पण त्या भरात फोन लावू नका. फोनवर तुम्ही मांडलेल्या मुद्द्यांची कुठेच नोंद राहत नाही, आणि वैतागून तोंडातून गेलेलं ‘बरं, रंगाचे घ्या कापून’ एवढं मात्र समोरच्याच्या नेमकं लक्षात राहतं. पहिलं काम दोन ओळींचं आहे. कापलेल्या प्रत्येक रकमेचा वेगवेगळा तपशील, त्याची बिलं आणि नुकसानीचे फोटो लेखी मागा, आणि उत्तरासाठी तारीख द्या. डिपॉझिट हे तुमचेच पैसे आहेत, त्याच्याकडे ठेवायला दिलेले. ते कशापोटी कापले हे त्याने दाखवायचं असतं. ‘किरकोळ दुरुस्ती’ असा गोळाबेरीज आकडा म्हणजे हिशोब नव्हे.

उत्तर येईपर्यंत भाडेकरार काढा आणि पेन हातात घेऊन पुन्हा वाचा. डिपॉझिट कशाकशासाठी कापता येतं, किती दिवसांत परत करायचं, आणि जाताना रंग किंवा साफसफाई कोणाकडे, ही कलमं शोधून खुणा करा. करारात मुदत लिहिलेली नसली तरी तुमच्या इथल्या भाडेकायद्यात ती असू शकते. ‘जाताना रंगाचा खर्च भाडेकरूचा’ असं कलम सापडलं तर ते कायद्यात टिकतं का हे आधी पाहा, नाहीतर सगळी ताकद नको त्या मुद्द्यावर खर्च होईल. डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, भाड्याच्या पावत्या, शेवटची वीज-पाण्याची बिलं, सोडतानाचं मीटर रीडिंग आणि किल्ल्या परत केल्याची पोच, हे सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. किल्ल्यांची पोच घेतली नसेल तर ‘अमुक तारखेला किल्ल्या तुमच्या हातात दिल्या’ असा मेसेज आजच पाठवून ठेवा. त्या तारखेनंतर घरात जे झालं ते तुमच्या माथी येऊ नये.

आता फोटो. राहायला आलात तेव्हा घर कसं होतं आणि सोडलंत तेव्हा कसं, या दोन टोकांवरच सगळा वाद उभा असतो. पहिल्या दिवशी रीतसर फोटो काढले असतील तर उत्तमच. नसतील तरी हातपाय गाळू नका. माझ्या एका घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या चऱ्याचे पैसे कापले होते. मी पहिल्या दिवशी ओट्याचा फोटो काढला नव्हता, पण सामान उतरवतानाचा एक फोटो आईला पाठवला होता. त्यात खोक्यांच्या मागे, नळाच्या डाव्या हाताला तोच चरा दिसत होता. तो फोटो तारखेसह पाठवला आणि ती रक्कम हिशोबातून गेली. म्हणून वाढदिवसाचे, मुलांचे, पाहुण्यांचे सगळे फोटो चाळा. त्यात माणसं बघू नका, मागची भिंत बघा. घर घेताना पाहिलेली जाहिरात अजून दिसत असेल तर तिचे स्क्रीनशॉट घ्या. आणि हे फार कमी लोकांना सुचतं: घरमालकाने नव्या भाडेकरूसाठी टाकलेली जाहिरातही शोधा. ज्या भिंतींच्या रंगाचे पैसे तुमच्याकडून कापले, त्याच भिंती तशाच्या तशा ‘छान ठेवलेलं घर’ म्हणून तिथे दिसत असतील, तर याहून बोलका पुरावा नाही.

मूळ फोटो जपा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि फाइलमधली तारीख-वेळेची माहितीही जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा. अजून घर सोडायचं असेल तर प्रत्येक खोलीचा एक लांबून आणि प्रत्येक डागाचा एक जवळून फोटो काढा, जवळच्या फोटोत शेजारी मोजपट्टी धरा. नुसत्या फोटोत बोटभर ओरखडाही हातभर दिसू शकतो.

मग एकेका कापलेल्या रकमेला एकच प्रश्न विचारा: ही झीज आहे की नासधूस? माणसं राहिली की घर झिजतं, आणि भाडं त्याचंच असतं. उन्हाने फिकटलेला रंग, चालून चालून गुळगुळीत झालेली फरशी, सैल पडलेली कडी ही झीज. इस्त्रीने जळलेला ओटा, फुटलेलं बेसिन, परवानगी न घेता भिंतीत पाडलेली भोकं ही नासधूस, आणि ती तुमच्याकडून झाली असेल तर पत्रात स्वतःहून मान्य करा. एक खरी गोष्ट कबूल केली की बाकीच्या मुद्द्यांना वजन येतं, हा माझा अनुभव आहे. ओल आणि बुरशीवरून वाद जास्त होतात, म्हणून डाग नीट वाचायला शिका. छतावर तपकिरी कडेचा गोल डाग असेल तर पाणी बहुधा वरून झिरपलंय. ओल जमिनीकडून वर चढलेली असेल आणि भिंतीला लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागलेला असेल तर दोष बहुधा बांधकामाचा. कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळे ठिपके असतील तर हवा खेळत नव्हती असं घरमालक म्हणेल. तेव्हा खिडकी उघडत नाही किंवा पंखा बंद आहे अशी तक्रार तुम्ही केली होती का, ते जुन्या मेसेजमध्ये शोधा. वेळेवर केलेली तक्रार इथे फार कामाला येते.

नुकसान तुमचं असलं तरी जुन्याच्या जागी नव्याची पूर्ण किंमत तुम्ही द्यायची नसते. 10 वर्षं टिकणारा गालिचा 6 वर्षं जुना असताना तुमच्या हातून खराब झाला, तर उरलेल्या 4 वर्षांचं मोल, म्हणजे 40 टक्के, एवढाच विचार रास्त. रंगालाही हेच लागू. म्हणून ‘शेवटचा रंग कधी दिला होता?’ हा प्रश्न लेखी विचाराच. एका भिंतीवर डाग असताना अख्ख्या घराच्या रंगाचं कोटेशन लावलं असेल, तर त्या एका भिंतीपुरता हिशोब मागा. कोटेशन म्हणजे झालेला खर्च नाही, हेही लक्षात ठेवा.

एवढं जमलं की पत्र पानभरात होतं. कापलेली बाब, तुमचं म्हणणं, पुराव्याचा क्रमांक, मान्य रक्कम, या क्रमाने लिहा. विशेषणं नकोत, धमकी नको. वाद नसलेली रक्कम लगेच द्या असं वेगळं सांगा, बाकीसाठी मुदत द्या आणि मुदतीनंतर कुठे दाद मागणार ते लिहा. त्याआधी तुमच्या इथे भाडे प्राधिकरण, तंटा निवारण किंवा लहान दाव्यांचं न्यायालय यांपैकी काय आहे, फी किती आणि दाव्याची मुदत कधी संपते, हे विचारून ठेवा. करारावर दोघांतिघांच्या सह्या असतील तर सगळ्यांच्या नावाने पत्र जाऊ दे.

अर्धे पैसे देताना ‘माझं काही येणं बाकी नाही’ असा कागद पुढे केला जाईल. त्यावर सही करू नका. पैसे घ्या आणि पोच देताना स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘रक्कम अंशतः मिळाली, उरलेल्या रकमेवरचा हक्क कायम.’ खाली तारीख घाला आणि त्या पोचेचा फोटो फोल्डरमध्ये टाका.