लिंका जपायच्या कशा, चौघांत वाटायच्या कशा

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कोल्हापुरातल्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "पातळीची ती लिंक कुणाकडं आहे काय?" लिंक बऱ्याचदा त्याच ग्रुपवर असते, पण तिच्यावर महिनाभराचे गुड मॉर्निंग साचलेले असतात. सर्चमध्ये 'पाणी' टाकावं तर ज्यानं ती पाठवली त्यानं नुसती लिंक चिकटवलेली, सोबत शब्द एकही नाही. सगळं अडतं ते इथं. लिंक तिथंच असते, शोधायला तिच्यासोबत काही नसतं. त्यामुळं पुढं जे सांगितलंय त्यात ॲपचा भाग थोडा आहे, नाव देण्याचा जास्त.

साठवण्याआधी लिंक साफ करा. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा बातम्यांच्या ॲपमधून आलेल्या लिंकला प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट असतं. त्यात यूटीएम, एफबीक्लिड असली इंग्रजी अक्षरं दिसली, तर ते शेपूट वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी आहे. पान दाखवायला ते लागत नाही. प्रश्नचिन्हापासून पुढचं पुसा आणि उरलेली लिंक नव्या टॅबमध्ये उघडा. तेच पान आलं तर काम झालं. मात्र डोळे झाकून पुसू नका. यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतरचं 'व्ही' आणि त्यापुढची अक्षरं हीच व्हिडिओची ओळख असते. ती गेली की व्हिडिओ गेला. जुन्या सरकारी साइटवर पानाचा क्रमांकही बऱ्याचदा तिथंच असतो. शेपूट तसंच ठेवलं तर एकच पान दोन वेगळ्या शेपटांनी यादीत दोनदा येतं, आणि मग दुरुस्ती एकीत होते, दुसरी तशीच राहते.

छोटी केलेली लिंक कधीच साठवू नका. ती उघडा आणि वरच्या पट्टीतली पूर्ण लिंक घ्या. लिंक छोटी करणारी सेवा बंद झाली की मूळ पान शाबूत असूनही वाट बंद होते. गूगलनं आपल्या अशा सेवेत नव्या लिंका बनवणं २०१९ मध्ये थांबवलं आणि वापरात नसलेल्या जुन्या लिंका २०२५ मध्ये बंद केल्या.

मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी केली की टक्क्यांच्या चिन्हांची माळ का येते, तेही सांगून टाकतो. 'कोल्हापूर' या शब्दात काना, मात्रा, ऊकार आणि पाय मोडल्याची खूण धरून संगणकाच्या हिशेबानं ९ खुणा आहेत. लिंकमध्ये प्रत्येक खुणेची ९ चिन्हं होतात, म्हणजे एका शब्दाची ८१. लिंक बिघडलेली नसते, पण पाठवताना मध्येच तुटली तर उघडत नाही. विकिपीडियाच्या पानावर साधनांच्या मेनूत छोटी लिंक मिळते. ती विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचीच असल्यानं वरच्या नियमाला एवढा एक अपवाद चालेल.

काही पानं लिंक करून ठेवताच येत नाहीत. महाभूलेखवर गाव निवडून, गट नंबर आणि कॅप्चा टाकून उघडलेला सातबारा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ते पान त्या वेळेपुरतं तयार झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी तीच लिंक चूक दाखवते किंवा पहिल्या पानावर नेऊन सोडते. अशा ठिकाणी सुरुवातीच्या पानाची लिंक ठेवा आणि सोबत लिहा: 'जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर हाताशी ठेवा.' उलट चाळीस पानी पीडीएफमधलं बारावं पानच दाखवायचं असेल तर लिंकच्या शेवटी इंग्रजीत हॅशचं चिन्ह, 'पेज' हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि १२ जोडा. संगणकावर फाइल थेट त्या पानावर उघडते. मोबाइलवर बऱ्याचदा फाइल नुसती डाउनलोड होते, म्हणून पान क्रमांक शब्दांतही लिहा. साध्या वेबपानावरचं एखादं वाक्य दाखवायचं तर क्रोममध्ये ते निवडून राइट क्लिक करा आणि 'कॉपी लिंक टू हायलाइट' घ्या.

फक्त स्वतःपुरतं ठेवायचं असेल तर ब्राउझर पुरे. कंट्रोल आणि डी दाबलं की बुकमार्क होतो, पण पुढं येणारी चौकट लगेच बंद करू नका. तिथं साइटनं दिलेलं नाव असतं, 'होम' किंवा 'वेलकम' असलं काहीतरी. ते पुसून आपल्या शब्दांत लिहा. फायरफॉक्समध्ये टॅगची वेगळी जागा आहे. क्रोममध्ये टॅग नाहीत, म्हणून शोधायचे शब्द नावातच घाला. फोल्डर सात-आठच्या वर नेऊ नका. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक, असं केलं की काय कुठं टाकलं हे महिन्याभरात आपल्यालाच आठवत नाही. 'लावायचंय' नावाचा एक फोल्डर ठेवा, घाईत सगळं त्यात टाका आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करा.

चार जणांसाठी असेल तर गूगल शीट. रेनड्रॉपसारखी लिंका साठवायची साधनं दिसायला देखणी आहेत, फुकट खात्यातही त्यात संग्रह सार्वजनिक करता येतो, आणि एकट्यानं शेकडो लिंका जपायला ती शीटपेक्षा चांगली. पण सोसायटीत किंवा तालमीच्या ग्रुपमध्ये सत्तरीच्या काकांनाही ते उघडता आलं पाहिजे, आणि शीटची लिंक त्यांना खातं न काढता उघडते. रकाने पाच ठेवा: नाव, लिंक, टॅग, कशासाठी, शेवटची कधी तपासली. पहिली ओळ फ्रीझ करा, नाहीतर मोबाइलवर खाली सरकलं की कुठला रकाना कशाचा ते कळत नाही.

आता एक ओळ जवळून बघा. नावात 'वॉटर लेव्हल' लिहिलं तर ते कुणाच्याच कामाचं नाही. 'राजाराम बंधारा, पंचगंगेची पातळी, फुटांत' असं लिहा. टॅगमध्ये पूर, पंचगंगा, पातळी. 'कशासाठी'च्या रकान्यात: 'इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आकडा किती वाजताचा आहे ते आधी बघा.' ही शेवटची ओळ नसली की सकाळचा आकडा संध्याकाळी ताजा म्हणून फिरतो आणि खालच्या मजल्यावरची माणसं उगाच सामान हलवतात, किंवा हलवायचं तेव्हा हलवत नाहीत.

टॅगमध्ये मराठीची एक खोड आडवी येते. शोधणारं यंत्र अक्षरं जुळवतं, अर्थ नाही. 'पूर' शोधला तर 'पुराचं' सापडत नाही, कारण ऊकार बदलला. 'कोल्हापूर' शोधलं तर 'कोल्हापुरात' निसटतं. 'बंधारा' आणि 'बंधाऱ्याची' यांचं तर विचारूच नका: यातला 'ऱ्या' दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो आणि दिसायला सारखा असूनही एक टाइप केला की दुसरा सापडत नाही. २०१९ मराठी आकड्यांत लिहिलं असेल आणि शोधणाऱ्यानं इंग्रजी आकडे टाकले, तरी तीच गत. उपाय साधा आहे. टॅग नेहमी मूळ रूपात आणि एकवचनात ठेवा, शीटच्या इन्सर्ट मेनूतून ड्रॉपडाउन लावून टॅगची यादी ठरवून टाका, आणि मुख्य शब्द एकदा इंग्रजी अक्षरांतही लिहा. अर्धा ग्रुप मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करतो, त्यांच्यावर शुद्धलेखन लादण्यात अर्थ नाही.

शेअर करताना 'एनीवन विथ द लिंक' निवडा, पण हक्क 'व्ह्यूअर'चा द्या. 'एडिटर' फक्त दोन माणसं, एक सुट्टीवर असला तर दुसरा. सगळ्यांना एडिटर केलं की कुणाचा तरी अंगठा लागून ओळ उडते आणि उडवणाऱ्याला कळतही नाही. उडालीच तर संगणकावर फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्ट्रीतून परत आणता येते. शीटची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. नुसता पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, आणि डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर चॅटमधलं काही धरून चालूच नका. स्टार केलेला मेसेज फक्त आपल्याला दिसतो, ग्रुपला नाही.

यादीत काय नको, तेही ठरवा. पासवर्ड बदलण्याच्या लिंका, एडिटचा हक्क असलेल्या ड्राइव्हच्या फाइली, ग्राहक क्रमांक दिसणारी बिलाची पानं. अशी लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला ती उघडते, नाव-गाव विचारत नाही.

तपासणी मे महिन्याच्या अखेरीस करा, पहिल्या पावसाआधी. प्रत्येक लिंक उघडून शेवटच्या रकान्यात तारीख घाला. साइट नवी केली की जुने पत्ते बदलतात, आणि ते आपल्याला जुलैत भर पावसात कळतं. मेलेली लिंक लगेच पुसू नका. तिचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा, जुनी प्रत मिळू शकते. महत्त्वाचं पान तिथल्या 'सेव्ह पेज नाऊ'मधून आधीच जतन करता येतं. हे लेख, परिपत्रकं, माहितीपत्रकं यांना चालतं. पाणी पातळीच्या पानाला नाही, कारण जतन होईल तो त्या दिवशीचा आकडा.

आणि साधन कुठलंही वापरा, बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा. लिंकांना टॅग लावून जगाशी वाटायची सवय ज्या डिलिशसनं लावली ते २००३ मध्ये सुरू झालं, २००५ मध्ये याहूनं घेतलं, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या तसल्याच सेवेनं विकत घेऊन त्यात नव्या लिंका घेणं थांबवलं. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये गेलं, मोझिलाचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला. क्रोममध्ये संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबा, वरच्या तीन ठिपक्यांतून 'एक्सपोर्ट बुकमार्क्स' घ्या. एचटीएमएल फाइल मिळते आणि ती जवळपास सगळे ब्राउझर वाचतात. सिंक चालू आहे म्हणून ही पायरी टाळू नका: मोबाइलवर चुकून पुसलेला फोल्डर सिंकमुळं संगणकावरूनही पुसला जातो. शीटची प्रत सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, उतरवा. दर तीन महिन्यांनी दोन्ही फाइली नावात तारीख घालून पेन ड्राइव्हवर टाका, आणि काढण्याआधी एकदा उघडून मराठी अक्षरं नीट दिसतात का ते बघा. सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. तेव्हा ती एक्सेलच्या डेटा मेनूतून आत घ्या आणि यूटीएफ ८ निवडा.